हॉजकिन-हक्सले प्रतिमान : एक चिकित्सा

चेतावहनाच्या अभ्यासात ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सले यांचे १९५२ मधील शोधनिबंध पायाभूत मानले जातात. माकूल या सागरी प्राण्याच्या महाअक्षतंतूवरील प्रयोगांतून त्यांनी दाखविले की, पटल उद्दीपित होताच सोडियम आयन आत शिरतात, मागोमाग पोटॅशियम आयन बाहेर पडतात आणि या क्रमातून विद्युत स्पंद पुढे सरकतो. समीकरणांवरून काढलेला स्पंदाचा वेग सेकंदाला १८.८ मीटर, तर मोजलेला २१.२ मीटर होता.

हा मेळ प्रभावी असला, तरी या लेखनाचे खरे मोल त्यातील संयमात आहे. समीकरणे जुळली म्हणून त्यामागे कल्पिलेली यंत्रणा सिद्ध होत नाही, असे लेखकांनीच बजावले आहे. एकेका आयनमार्गिकेतील प्रवाह नेहर व साकमान यांनी १९७६ मध्ये, तोही बेडकाच्या स्नायूत, नोंदविला. मार्गिकांची उघडझाप यादृच्छिक असते. १९५२ची समीकरणे केवळ तिची सरासरी सांगतात. ही प्रतिमानाची मर्यादा होय.

अध्यापनात 'द्वारां'चे चित्र मूळ निबंधांचाच निष्कर्ष म्हणून मांडल्यास वर्णन आणि स्पष्टीकरण यांतील भेद पुसला जातो. विद्यार्थ्यांपर्यंत समीकरणांइतकाच तो इशाराही पोहोचणे आवश्यक आहे.