सम्राटाचा चरित्रकार आणि त्याचे मौन

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत कॉन्स्टंटाईनची गोष्ट हमखास सांगितली जाते. दुपारच्या आकाशात सूर्याच्या वर झळकलेला प्रकाशमय क्रूस, मिल्विअन पुलाजवळचा विजय आणि त्यानंतर ख्रिस्तसभेला लाभलेले स्वातंत्र्य, असा तिचा ठरलेला क्रम असतो. ही गोष्ट ज्या ग्रंथातून आपणांस मिळाली तो ग्रंथ, म्हणजे कैसरियाचा बिशप युसेबियस याने लिहिलेले सम्राटाचे चरित्र, आपल्यापैकी फार थोड्यांनी सलग वाचलेला असतो. राजसत्ता कशी मिळविली जाते, कशी राबविली जाते व कोणाकोणांत वाटली जाते, याविषयी ख्रिस्ती लेखकाने कसे लिहावे आणि कसे लिहू नये, हे दोन्ही धडे या एकाच ग्रंथात आहेत. म्हणून त्याचा पुनर्विचार अगत्याचा वाटतो.

प्रथम ग्रंथाचे श्रेय मान्य केले पाहिजे. सन ३३७ मध्ये कॉन्स्टंटाईन निवर्तला. त्यानंतर दोनएक वर्षांतच युसेबियसही वारला व चार भागांच्या या चरित्रावरून अखेरचा हात फिरायचा राहून गेला. त्यात त्याने सम्राटाची पत्रे व फर्माने जशीच्या तशी उतरून ठेवली आहेत. ती बनावट असावीत असा संशय दीर्घकाळ घेतला जात असे. परंतु त्यांपैकी एका पत्राचा काही भाग चौथ्या शतकातील एका पपायरसवर असल्याचे १९५४ साली इतिहासकार ए. एच. एम. जोन्स यांनी दाखवून दिले, आणि निदान त्या पत्राविषयीचा संशय फिटला. युसेबियस लबाड नव्हता. सन ३०३ मध्ये सुरू झालेला छळ त्याने डोळ्यांनी पाहिला होता. त्याचे गुरू पॅम्फिलस हे ३१० साली हुतात्मा झाले होते. ज्याच्या आगमनाने हा छळ थांबला त्या पुरुषाकडे त्याने कृतज्ञतेने पाहावे, यात नवल नाही.

आक्षेप आहे तो पुढेच. सत्ताप्राप्तीचेच उदाहरण घेऊ. डायोक्लिशियनने साम्राज्याचा भार चार राज्यकर्त्यांत वाटून दिला होता आणि ३०५ साली वारस नेमताना रक्ताच्या नात्याला डावलले होते. पुढच्याच वर्षी यॉर्क येथे पिता मरण पावताच सैन्याने कॉन्स्टंटाईनचा सम्राट म्हणून जयघोष केला, आणि ती चौकट मोडली. यानंतरची अठरा वर्षे युद्धे, तह व सोयरिकी यांची आहेत. युसेबियस सैन्याचा जयघोष सांगतो. परंतु लगेच असे प्रतिपादन करतो की, या निवडीत मनुष्याचा हात नव्हता, ती केवळ देवाची निवड होती. तलवारीने घडलेल्या गोष्टीचे श्रेय असे स्वर्गाकडे गेले, की तलवारीचा हिशेब विचारणारा कोणी उरत नाही.

सत्तेचा वापर दाखविणारा सर्वांत बोलका प्रसंग निकिया येथील आहे. सन ३२५ मध्ये तेथे धर्मपरिषद भरली असता सम्राटाने बिशपांना मेजवानी दिली. राजवाड्याच्या दारी नागव्या तलवारी घेतलेले पहारेकरी उभे होते आणि त्यांच्यामधून देवाची माणसे निर्भयपणे आत गेली, असे सांगून युसेबियस म्हणतो की, ख्रिस्ताच्या राज्याचेच हे चित्र असावे असा भास झाला. ज्यांच्या अंगावर छळाचे वण होते त्यांना तो क्षण किती हर्षाचा वाटला असेल, हे समजू शकते. तरीही वाचकाने थांबून विचारावे : तलवारी म्यानात नव्हत्या, त्यांचा रोख तेवढा बदलला होता. त्याच परिषदेनंतर एरियसला हद्दपार करण्यात आले, आणि दहा वर्षांनी अथनेशियसलाही त्याच सम्राटाने ट्रियरला धाडले. बिशपांना सत्तेत वाटा मिळाला, पण तो देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होता.

आणि आता मौनाकडे वळू. लिसिनियस हा कॉन्स्टंटाईनचा मेहुणा व सहसम्राट. प्राणदानाची शपथ दिलेली असूनही त्याला ठार मारण्यात आले, असे युट्रोपियस हा इतिहासकार लिहितो. युसेबियस युद्धाच्या नियमाचा हवाला देऊन पुढे जातो. थोरला पुत्र क्रिस्पस ३२६ साली पित्याच्या आज्ञेने मारला गेला आणि सम्राज्ञी फॉस्टाचाही त्याच सुमारास अंत झाला. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात ज्याचा युसेबियसने गौरव केला होता, त्या क्रिस्पसचे नावही चरित्रात नाही. सम्राटाच्या निधनानंतर त्याचे भाऊ व पुतणे सैनिकांनी कापून काढले. युसेबियस मात्र तीन पुत्रांकडे राज्य सुखरूप आल्याचा आनंद वर्णितो. त्या कत्तलीतून वाचलेला बालक ज्युलियन ३६१ साली सम्राट झाला व त्याने ख्रिस्ती श्रद्धेकडे उघडपणे पाठ फिरविली. मौनाने जखम झाकली होती, भरली नव्हती.

कोणी म्हणेल, धर्मनिष्ठेशी संबंधित तेवढेच सांगणार असे युसेबियसने आरंभीच बजावले आहे, आणि राजाश्रयाने लिहिलेल्या आपल्याकडील बखरींचीही तऱ्हा काही वेगळी नाही. हे खरे, पण युसेबियसचे माप बखरीचे नव्हे. तो कॉन्स्टंटाईनला मोशेच्या पंक्तीस बसवितो. नदीत बुडालेला मॅक्सेन्शियस हा त्याच्या दृष्टीने फारो होय. तेव्हा पवित्र शास्त्राचेच माप त्याला लावले पाहिजे. ज्या मोशेने समुद्र ओलांडला त्याच मोशेचा खडकापाशी घडलेला अपराध शास्त्र लपवीत नाही. शमुवेलच्या ग्रंथात दावीद हा देवाचा अभिषिक्त आहे. तरीही हेब्रोन येथे वडीलजनांशी करार करूनच तो राजा होतो, आणि उरीयाच्या खुनाबद्दल नाथानापुढे मान खाली घालतो. तेथील लेखकाला राजा प्रिय आहे. म्हणूनच तो राजाला पश्चात्तापाची वाट मोकळी ठेवतो. युसेबियसच्या सम्राटाला मृत्यूच्या उंबरठ्यावर बाप्तिस्मा मिळतो, पण कोणत्या पापांची क्षमा त्याने मागितली असेल हे त्या चरित्रावरून कळावयाचे नाही. ज्याला क्षमेची गरज नाही असा राजा रंगविणे, हा त्या राजावरही अन्यायच आहे.

हे लिहिताना मला स्वतःला वगळता येत नाही. एका धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवास एक सत्ताधारी पाहुणे येणार होते व मानपत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. आपल्या जमिनी कशा गेल्या हे दोन कुटुंबांनी आदल्याच आठवड्यात मला सांगितले होते. मानपत्रात तर नाहीच, पण खाजगीतही मी तो विषय काढला नाही. मानपत्राची पुष्कळ तारीफ झाली. युसेबियस वाचताना ते मला आठवते.

कॉन्स्टंटाईनची गोष्ट वर्गातून काढून टाकावी असे माझे म्हणणे नाही. आकाशातील क्रूसाबरोबर क्रिस्पसचे नावही सांगावे, एवढीच विनंती आहे. राज्यकर्त्यासाठी प्रार्थना करणे हे आपले कर्तव्य होय, आणि त्याचे पाप ठाऊक असल्याखेरीज ती प्रार्थना पुरी होत नाही.