वृद्धांचे पोषण की दाहाची मोजणी?

कोविड-१९ च्या साथीनंतर वृद्ध रुग्णांचे पोषण व मृत्यू यांच्या संबंधावर विपुल संशोधनपर लेखन झाले. कुपोषित वृद्ध अधिक संख्येने दगावतात, हा त्यातील बऱ्याच निबंधांचा निष्कर्ष आहे. तो मनाला पटतोही; शंका येते ती मोजपट्टीविषयी.

या लेखनात दोन निर्देशांक वारंवार योजलेले दिसतात. जपानमध्ये ओनोदेरा व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांसाठी मांडलेला निर्देशांक रक्तातील अल्ब्युमिन आणि लिम्फोसाइट पेशींच्या संख्येवर आधारलेला आहे. फ्रान्समध्ये २००५ साली खास वृद्धांसाठी तयार झालेला निर्देशांक अल्ब्युमिन व वजन यांवर. परंतु संसर्ग होताच इंटरल्यूकिन-६ च्या प्रभावाने यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रथिन वाढवते व अल्ब्युमिनची निर्मिती घटवते. शिवाय अल्ब्युमिन केशवाहिन्यांतून ऊतींमध्ये झिरपते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचे असताना दोन-चार दिवसांतील घसरण आहाराच्या माथी कशी मारता येईल? कोविडमध्ये लिम्फोसाइट तर आजारामुळेच घटतात. म्हणजे 'पोषण' या नावाखाली आजाराची तीव्रताच मोजली जाते आणि गंभीर रुग्ण अधिक दगावतो, एवढेच नव्याने सिद्ध होते. अल्ब्युमिन हे पोषणाचे नव्हे, दाहाचे निदर्शक आहे, असे अमेरिकेतील 'आस्पेन' या संस्थेने २०२१ च्या भूमिकापत्रात स्पष्ट केले होते. तरीही हे निर्देशांक वापरात राहिले. (रुग्णालयाच्या नोंदींत अल्ब्युमिनचा आकडा आयता मिळतो, पोटरीचा घेर कोणी मोजलेला नसतो!)

क्षीणतेच्या अभ्यासाने ही गल्लत बरीचशी टाळली. कॅनडातील रॉकवूड यांच्या 'क्लिनिकल फ्रेल्टी स्केल'वर रुग्णाची नोंद करताना तो दाखल होण्यापूर्वी, साधारणतः दोन आठवडे आधी, कसा होता हे पाहिले जाते. पोषणासाठीही 'मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट' उपलब्ध आहे. तिची संक्षिप्त आवृत्ती गेल्या तीन महिन्यांतील आहार व वजनातील घट विचारते. तिला रक्ततपासणी लागत नाही. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या वृद्धेचे अल्ब्युमिन संसर्गापूर्वी सामान्य असू शकते. अशी स्त्री केवळ अल्ब्युमिनवर विसंबणाऱ्या तपासणीतून निसटते, या प्रश्नावलीत सापडते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. स्वित्झर्लंडमधील 'एफर्ट' चाचणीत (२०१९) पोषण-जोखीम असलेल्या २०८८ रुग्णांच्या अभ्यासात व्यक्तिनिहाय आहारयोजनेने मृत्यूंचे प्रमाण घटले. मात्र २०२० मधील दुय्यम विश्लेषणात सी-रिॲक्टिव्ह प्रथिन लिटरमागे १०० मिलिग्रॅमहून अधिक असलेल्यांत हा लाभ आढळला नाही. ज्या निर्देशांकात दाह व उपासमार एकत्र मिसळलेली आहेत, त्यावरून समोरचा वृद्ध यांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे वैद्याला कळत नाही.