समर्थ येईपर्यंत

आमच्या गावच्या वाचनालयात नारायण धारपांची पुस्तकं खालच्या कप्प्यात असायची. खाकी कव्हर, त्यावर शाईनं टाकलेला नंबर आणि बोटं लागून लागून काळवंडलेल्या कडा. एका समर्थकथेची शेवटची आठदहा पानं कुणीतरी फाडून नेली होती. घरातली माणसं एका खोलीत कोंडलेली, दाराबाहेर काहीतरी ओलं सरपटतंय, आणि तिथंच पुस्तक संपलं. तरी त्या रात्री मी गाढ झोपलो. पुढं काय होणार ते ठाऊकच होतं. समर्थ येणार होते.

तेव्हा याचा दिलासा वाटला होता. आता वाटतं, मराठीतल्या अद्भुत आणि भयकथेची अडचण त्या फाटलेल्या पानांतच आहे. ती पानं नसली तरी चालतात.

धारप (1925–2008) यांच्याविषयी हे लिहिताना हात जड होतो. मराठी मध्यमवर्गाला त्याच्याच घराची भीती त्यांनी दाखवली. वाडा, स्मशान, अमावास्या हा जुना सरंजाम त्यांनी वापरला, पण त्यांची खरी करामत साध्या खोलीत दिसते. भिंतीवरची ओल, कुबट वास, संध्याकाळी नेमकं बिघडणारं काहीतरी. भीती हळूहळू तापवायची कशी, हे त्यांच्याइतकं मराठीत कुणालाच जमलं नाही. पण तापवलेलं भांडं उतरवायला ते माणूस बोलावतात तो बाहेरून. समर्थांकडे ज्ञान आहे, साधना आहे, संयम आहे. नावातच सगळं आलं. गोष्ट सांगतो तो अप्पा जोशी, तुमच्याआमच्यासारखा संसारी माणूस. शेरलॉक होम्सबरोबर वॉटसन असतो तसा अप्पा समर्थांबरोबर. फरक एवढाच की वॉटसनच्या खिशात निदान पिस्तूल असतं. अप्पाकडे फक्त श्रद्धा. ‘समर्थाचिया सेवका’ असं एका कादंबरीचं नावच आहे, आणि ते वाचताच मराठी वाचकाला मनाच्या श्लोकांची पुढची ओळ आपोआप आठवते. सेवकाला शूर असण्याची गरज नाही, धनी खंबीर असला की पुरे.

आता दुसऱ्या टोकाला बघा. 1937 साली टॉल्किनचं ‘हॉबिट’ आलं. त्याचा नायक बिल्बो हा पन्नाशीचा, ठेंगणा, पोट सुटलेला, दोनदा नाश्ता करणारा गृहस्थ. ड्रॅगनच्या मोहिमेवर निघताना तो हातरुमालच विसरतो. ड्रॅगनला तो मारत नाही. बाण मारतो तो दुसराच. शेवटच्या मोठ्या लढाईत तर बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि लढाई संपेपर्यंत तो बेशुद्ध पडून असतो. एखाद्या मराठी संपादकानं हे हस्तलिखित ‘नायकाचं काहीतरी करा’ म्हणून परत पाठवलं असतं. पण बिल्बो जे करतो ते कुणाही वीराला सुचलं नसतं. ज्या रत्नापायी मित्र एकमेकांच्या जिवावर उठले आहेत, ते तो गुपचूप उचलतो आणि समेट व्हावा म्हणून समोरच्या बाजूला नेऊन देतो. घाबरट माणसाचं शौर्य असंच असतं, थोडं चोरटं आणि कुणाला न आवडणारं.

टॉल्किन 1916 साली सोमच्या रणभूमीवर सिग्नल अधिकारी होता. पुढं त्यानं लिहून ठेवलं की ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला सॅम हा माळी त्याला त्या युद्धातल्या साध्या शिपायांवरून आणि अर्दलींवरून सुचला. हे समजल्यावर ते तीन जाडजूड खंड वेगळेच दिसू लागतात. राजे आहेत, जादूगार आहेत, पण ओझं उचलून डोंगर चढतो तो माळी. आणि ज्याच्यावर सगळी भिस्त तो फ्रोडो ऐन कड्यावर हरतो, अंगठी टाकायला नकार देतो. मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं हे सारं मराठीत आणलं आहे. ज्यांनी फक्त सिनेमा पाहिला त्यांनी तो कड्यावरचा प्रसंग तरी मराठीत वाचून पाहावा.

टॉल्किननंतर इंग्रजीत अशा ऐऱ्यागैऱ्या नायकांची रांगच लागली. लॉइड अलेक्झांडरचा टॅरन डुकरं राखणाऱ्याचा मदतनीस. टेरी प्रॅचेटचा रिन्सविंड असा जादूगार की त्याला धड एकही मंत्र टाकता येत नाही आणि टोपीवर लिहिलेलं ‘जादूगार’सुद्धा चुकीच्या स्पेलिंगचं. तो सतत पळतो, आणि पळता पळता जग वाचतं. बेन ॲरोनोविचच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’मधला पीटर ग्रँट साधा पोलीस शिपाई. वरिष्ठ त्याला फायली हाताळायच्या विभागात टाकायला निघालेले असतात, तेवढ्यात खुनाच्या जागी रात्रपाळी करताना भेटलेल्या साक्षीदाराचा तो जबाब घेतो. साक्षीदार भूत असतो. इथं मला हसू येतं ते पीटरच्या वहीमुळं. भूत दिसल्यावरही त्याचं पहिलं काम नाव आणि पत्ता लिहून घेण्याचं.

इथं एक भेसळ वेगळी काढायला हवी. हॅरी पॉटर हा ऐरागैरा नायक नव्हे. जिन्याखालच्या कपाटात झोपणारा पोर म्हणून तो आपल्याला फसवतो, पण त्याच्या कपाळावर खूण आहे, बँकेत सोनं आहे, आणि जन्माआधीच त्याच्याबद्दल भविष्य वर्तवलेलं आहे. तो गुराख्याच्या घरी वाढलेला राजपुत्र. पर्सी जॅक्सनची गत तीच, बाप समुद्राचा देव. आपल्याकडं अमीशच्या ‘मेलुहा’नं 2010 साली जी लाट आणली, तिच्यातही गळा निळा पडला की माणूस अवतारी ठरतो. रोलिंगबाईंच्या सात खंडांत खरा बिनलक्षणी नायक कुणी असेल तर तो नेव्हिल. विसराळू, गुबगुबीत, आजीला घाबरणारा. ते भविष्य त्यालाही लागू पडत होतं, पण खलनायकानं त्याला निवडलं नाही. शेवटी नागिणीचं मुंडकं उडवतो तो हाच.

सगळ्यांत मनात राहिलेली नायिका मात्र डायना विन जोन्सच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मधली (1986) सोफी. तीन बहिणींत थोरली. परीकथांत थोरलीच्या पदरी अपयशच येतं म्हणून तिनं आधीच हात टेकलेले. टोप्यांच्या दुकानात बसून टोप्या शिवते आणि त्यांच्याशीच बोलते. एक चेटकीण शाप देऊन तिला नव्वदीची म्हातारी करते. आणि गंमत बघा, म्हातारी झाल्यावर सोफीची भीड चेपते. सांधे दुखतायत, श्वास लागतोय, पण जादूगाराच्या घरात घुसून ती झाडलोट करते आणि त्यालाच दटावते. मियाझाकीचा 2004 चा सिनेमा देखणा आहे, पण टोपीवालीचा हा खवटपणा त्यात पातळ झाला.

सोफी वाचताना मला आपली भोपळ्यातली म्हातारी आठवत राहिली. लेकीकडं निघालेली, वाटेत वाघ आणि कोल्हा. तिच्याजवळ ना तलवार, ना मंत्र, ना गुरू. आहे ते फक्त पुढच्या भेटीचं आश्वासन: लेकीकडं तूपरोटी खाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा. आणि परतीच्या वाटेवर भोपळा. मराठी मुलांना कळायला लागल्यावर भेटणारा हा बहुधा पहिलाच साहसी नायक, आणि तो नायक म्हणजे एक हडकलेली आजी. जी भाषा अंगणवाडीत ही गोष्ट सांगते, ती मोठ्यांसाठी कादंबरी लिहायला बसली की समर्थांची वाट का पाहू लागते?

ऐवजाची तर वानवाच नाही. जोनाथन स्ट्राउडच्या ‘लॉकवुड अँड कंपनी’त (पहिलं पुस्तक 2013) भुतं फक्त मुलांना दिसतात, मोठे आंधळे. म्हणून शाळकरी वयाची पोरं लोखंडी साखळ्या, मिठाचे गोळे आणि लव्हेंडर घेऊन रात्री लोकांच्या घरी भुतं काढायच्या नोकरीवर जातात. जुनी लंडनी कल्पना म्हणून जग ती वाचतं. आपल्याकडं मीठमोहऱ्यांनी दृष्ट अजून उतरवतात, आणि बाळंतिणीच्या उशाखालचा विळा आमच्या आजीनं तर डोळ्यांनी पाहिलेला.

कोकणातला गिऱ्हा घ्या. हा पाण्याच्या आसऱ्यानं राहतो, वाटसरूला चुकवून खोल पाण्यात नेतो. पण त्याच्या डोक्यावरचा केस हाती लागला तर तो त्या माणसाकडं गड्यासारखा राबतो, आणि केस परत मिळाला की उलटतो, अशी समजूत. या एका केसावर तीनशे पानांची कादंबरी उभी राहील. गोव्यात नि तळकोकणात वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात; रात्री तो गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, असं लोक सांगतात. त्या वहाणा शिवणाऱ्या माणसाची गोष्ट कुणी लिहिली आहे?

या समजुती कागदावर आल्या त्याही ऐऱ्यागैऱ्यांमुळंच. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन यानं प्रश्न काढून ते मुंबई इलाख्यातल्या खेडोपाडीच्या शाळामास्तरांकडं धाडले, आणि मास्तरांनी आपापल्या गावची भुतं लिहून पाठवली. 1909 साली अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या. टिपणं मागं राहिली, ती एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्यानं कोकण आणि गुजरातची लोकविद्या म्हणून छापली. वरिष्ठांचा हुकूम आला म्हणून दिव्याखाली बसून गिऱ्हाची माहिती सुवाच्य अक्षरात लिहिणारा मास्तर, हाच खरं तर एका कादंबरीचा नायक आहे.

बंगालीनं हे केव्हाच ओळखलं. शीर्षेंदु मुखोपाध्याय यांच्या ‘गोसाईंबागानेर भूत’मधल्या बुरूनला गणितात तेरा मार्क पडतात. घरात कुणी धड बोलत नाही, म्हणून पोरगा रानात जातो आणि तिथं त्याला भूत भेटतं. तो भीत नाही. तेरा मार्कांपुढं भुताची काय भीती? भूतच खट्टू होतं. त्यांच्या ‘अद्भुतुडे’ मालिकेत विसराळू मास्तर, भुरटे चोर, तिरसट आजोबा यांच्याच हाती गोष्टीची सूत्रं असतात. तिथं समर्थ नाहीत, आणि त्यांची उणीवही भासत नाही.

मराठीत असे नायक नाहीत असं नव्हे. ते दुसऱ्या कप्प्यात ठेवले गेले. चिं. वि. जोशींचा चिमणराव, ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा किडकिडीत बनेश फेणे. विनोद आणि बालसाहित्य यांनी त्यांना सांभाळलं. भुताखेतांच्या कादंबरीनं त्यांना दाराबाहेर ठेवलं. जी. ए. कुलकर्णींनी ‘रमलखुणा’त कुठल्याच नकाशावर नसलेली राज्यं उभी केली, पण त्यांच्या प्रवाशापुढं नियती अशी पहाडासारखी उभी की धडपडून निसटण्याला वावच नाही. रत्नाकर मतकरींची गूढकथा शेवटच्या परिच्छेदात वाचकाच्या पायाखालची फळी काढते. तिला नायक हवा असतो तो फसायला, तगायला नव्हे. दिवाळी अंकाच्या दहाबारा पानांत भित्रा माणूस हळूहळू धीट होत जायला जागाही नसते. त्याच मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त मुलं चेटकिणीला खिजवतात, पण ते नाटक, आणि मुलांचं.

पडद्यानं मात्र धीर केला, तोही अर्धाच. ‘झपाटलेला’त (1993) तात्या विंचूचा आत्मा शिरलेला बाहुला ज्याच्या मागं लागतो तो लक्ष्या शब्दभ्रमकार आहे, बोलका बाहुला हा त्याचा खेळच, म्हणूनच तो खरं सांगतो तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही. कल्पना किती पक्की आहे! परदेशी सिनेमावरून उचललेल्या कथेत हा भाग आपला आहे. पण भुवयांच्या मधोमध शेवटची गोळी घालतो तो इन्स्पेक्टर महेश जाधव. खाकीतले समर्थच म्हणायचे.

मग राही बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला (2018). लहानपणी कानावर पडलेली धारपांची गोष्ट त्याच्या मुळाशी. त्यातला शापित देव हस्तर कणकेची बाहुली खात असतो तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातली नाणी हिसकायची, असा नायक विनायकचा धंदा. मुलगा पांडुरंग पायानं अधू. बापाचं बघत बघत तोही हावरा होतो, जास्त बाहुल्या न्यायची युक्ती त्याचीच. आणि शेवटी तो अख्खा लंगोट बाप पुढं करतो तेव्हा नको म्हणतो तोही तोच. तिथं गुरू नाही, मंत्र नाही. लंगडत बाहेर पडणारं पोर आहे. 2024 मध्ये आदित्य सरपोतदारांच्या ‘मुंज्या’त पुण्यात आईच्या पार्लरमध्ये हाताखाली राबणारा भित्रा बिट्टू कोकणातल्या मुंज्याशी भिडतो. याच सरपोतदारांनी ‘फास्टर फेणे’ पडद्यावर आणला होता आणि ‘झोंबिवली’त डोंबिवलीत झोंबी सोडले होते, तेव्हा हा योगायोग नव्हे. फक्त ‘तुंबाड’ आणि ‘मुंज्या’ दोन्ही हिंदीत आहेत. भूत आपलं, आजी आपली, पिंपळ आपला, आणि ते ज्याला झपाटतं तो पोरगा हिंदी बोलतो.

पैशाचं गणित मला समजतं. सिनेमाला बाजार लागतो. पण कादंबरीला लागतो तो कागद आणि एक हट्टी माणूस. हृषीकेश गुप्ते यांनी ‘दंशकाल’मध्ये भीती घराच्या आत, नात्यांच्या गाठींत नेऊन ठेवली आणि भयकथेकडं नाक मुरडणाऱ्यांना गप्प केलं, भाषेचं बळ आहे हे त्यातून दिसलं. आता त्या बळावर कुणीतरी घराबाहेरही पडावं, पाणंदीत, रात्री, मोबाइलची बॅटरी संपत आलेली असताना.

माझी मागणी छोटी आहे. समर्थ परगावी गेले आहेत, कधी येतील सांगता येत नाही, आणि रात्री अकराला शेजारच्या बाई दार ठोठावतायत. घरात एकटे अप्पा जोशी. ती कादंबरी कुणीतरी लिहा. शेवटची पानं फाटली तर या वेळी मी वाचनालयात तक्रार करीन.