एफएमजीईचा निकाल: छेदात नक्की कोण आहे?

वर्षातून दोनदा एफएमजीईचा निकाल लागतो आणि ठरलेली बातमी येते: परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांपैकी इतकेच टक्के पास. त्याखाली ठरलेलं मत: तिकडे काही शिकवतच नाहीत, पैसे भरा आणि पदवी घ्या. काही कॉलेजांबाबत हे खरंही असेल. पण या टक्केवारीवरून ते सिद्ध होत नाही. का होत नाही, ते आज पाहू. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना सिलेक्शन बायस समजून घ्यायला यापेक्षा जवळचं उदाहरण क्वचितच मिळेल. आपल्या बारावीच्या वर्गातलं कोणी ना कोणी रशियाला, किर्गिझस्तानला किंवा फिलिपिन्सला गेलेलं असतंच.

आधी परीक्षा थोडक्यात. ही स्क्रीनिंग टेस्ट २००२ सालच्या नियमांनी आली. परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेल्या भारतीय नागरिकाला इथे नोंदणी हवी, तर ती पास व्हावीच लागते. ३०० बहुपर्यायी प्रश्न, एकाच दिवशी दोन भागांत. निगेटिव्ह मार्किंग नाही. ३०० पैकी १५० मिळाले की पास. आणि परीक्षा कितीही वेळा देता येते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

मोजतोय ते प्रयत्न, माणसं नाहीत

जो पास होतो तो रांगेतून निघून जातो. जो नापास होतो तो सहा महिन्यांनी परत येतो आणि परत मोजला जातो. म्हणजे छेदात नापास झालेला माणूस तीनदा, पाचदा, सातदा येऊ शकतो.

एक काल्पनिक गणित करू. आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा दर सत्राला १०० नवे विद्यार्थी बसतात आणि त्यातले ४० पहिल्याच प्रयत्नात पास होतात. उरलेले ६० पुन्हा बसत राहतात. पुन्हा बसणाऱ्यांचं पास होण्याचं प्रमाण दर खेपेला १० टक्के धरा. कोणी प्रयत्न सोडत नाही असंही धरा. काही वर्षांनी ही रांग स्थिरावते. तेव्हा दर सत्राला १०० नवे आणि ६०० जुने, असे ७०० जण परीक्षेला असतात. नव्यांतले ४० आणि जुन्यांतले ६० मिळून १०० पास. टक्केवारी साधारण १४.

या जगात पहिल्या प्रयत्नात ४० टक्के पास होतायत आणि आज ना उद्या सगळेच पास होतायत. हेडलाइन मात्र "८६ टक्के नापास". प्रत्यक्षात बरेच जण मधेच सोडून देतात, त्यामुळे खरं चित्र इतकं गोड नाही. मुद्दा एवढाच की १४ टक्के हा आकडा खूप वेगवेगळ्या वास्तवांतून येऊ शकतो. कागद-पेन घ्या आणि ४० च्या जागी २५ टाकून बघा.

दीड वर्षात जवळजवळ तिप्पट?

जून २०२३ च्या सत्रात साधारण १० टक्के पास झाले. डिसेंबर २०२४ मध्ये साधारण २९ टक्के. टक्केवारी म्हणजे कॉलेजांचा दर्जा असेल, तर दीड वर्षात तिकडची कॉलेजं जवळजवळ तिप्पट सुधारली म्हणायची. असं कोणीच म्हणत नाही. टक्केवारी घसरली की दोष कॉलेजांचा, वाढली की कोणी कारणच विचारत नाही.

कारणं अनेक असू शकतात. २०१८ पासून परदेशी जाण्यासाठीही नीट पात्रता सक्तीची झाली. पाच-सहा वर्षांचा अभ्यासक्रम धरला तर ती मुलं साधारण याच काळात परीक्षेला यायला लागतात. कोविडमधले ऑनलाइन वर्ग आहेत, युक्रेनचं युद्ध आहे. शिवाय पेपर कधी सोपा, कधी अवघड, पण पासाची रेषा १५० वरच.

ब्रिटनच्या प्लॅब परीक्षेत ही रेषा हलती असते. काठावर लायक ठरणारा उमेदवार प्रत्येक प्रश्न सोडवण्याची शक्यता किती, याचा अंदाज तज्ज्ञ बांधतात आणि त्यावरून त्या पेपरची रेषा ठरते. याला अँगॉफ पद्धत म्हणतात. प्लॅबच्या दुसऱ्या भागात उमेदवाराला रुग्णाशी बोलून, तपासून दाखवावं लागतं. आपल्याकडे सगळा भार पर्याय निवडण्यावर.

तुलना कोणाशी?

"परदेशात शिकलेले कच्चे" या वाक्यात "इथे शिकलेल्यांपेक्षा" हे शब्द लपलेले आहेत. पण इथे एमबीबीएस झालेले ही परीक्षा देतच नाहीत. कंट्रोल ग्रुपच नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात दोघांसाठी एकच 'नेक्स्ट' परीक्षा सांगितली आहे, पण ती पुढेपुढेच ढकलली गेली.

आणि ती झाली तरी प्रश्न सुटणार नाही, कारण परदेशी कोण जातं हेच वेगळं असतं. याबाबत जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांचा २०१० चा 'हेल्थ अफेअर्स'मधला अभ्यास जरूर वाचा. पेनसिल्व्हेनियात हार्ट फेल्युअर किंवा हार्ट अटॅकसाठी दाखल झालेल्या रुग्णांच्या सुमारे २ लाख ४४ हजार नोंदी त्यांनी घेतल्या. बाहेर शिकलेले डॉक्टर सरसकट एका गटात टाकले, तर अमेरिकेत शिकलेल्यांशी ठळक फरक नव्हता. गट फोडल्यावर मात्र दिसला. मूळचे परदेशी असलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी होतं. बाहेर शिकून मायदेशी परतलेल्या अमेरिकी नागरिकांच्या रुग्णांत ते जास्त होतं. दोन्ही गट बाहेरच शिकलेले. म्हणजे "कुठे शिकला" एवढंच विचारून भागत नाही, "तिकडे कोण गेला आणि का" हेही विचारावं लागतं. आणि हे सगळे तिथली परवान्याची चाळणी पार केलेलेच डॉक्टर होते, हेही विसरू नका.

मग अभ्यास कसा करायचा?

पहिली कल्पना सुचते ती १४९ आणि १५० गुणवाल्यांची तुलना. रेषेच्या दोन बाजूंची ही माणसं जवळपास सारखीच. डिझाइन देखणं आहे, पण इथे एक अडचण येते: १४९ वाल्याला रुग्ण तपासायची परवानगीच नाही, मग त्याच्या रुग्णांचं काय झालं हे मोजणार कसं? त्याची किती वर्षं गेली, कर्ज किती वाढलं, त्याने क्षेत्र सोडलं का, हे मात्र मोजता येईल. त्याहून साधा मार्ग म्हणजे कोहॉर्ट: एका वर्षी बाहेर गेलेली सगळी मुलं घ्या आणि नोंदणी मिळेपर्यंत किंवा सुटेपर्यंत त्यांचा माग ठेवा.

परीक्षा नको असं मी म्हणत नाही. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, चाळणी हवीच. पण चुकीच्या वाचनाची किंमत दोन्हीकडून मोजली जाते. तिसऱ्यांदा बसलेल्या मुलाला गाव "बोगस डॉक्टर" ठरवतं. आणि दुसरीकडे काही एजंट याच टक्केवारीतला सोयीचा तुकडा कापून "आमच्या कॉलेजचा निकाल सर्वोत्तम" अशी जाहिरात करतात. शेत विकून मुलीला पाठवणारा बाप तो आकडा खरा मानतो. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर त्यांना एजंटला एवढंच विचारायला सांगा: अमुक वर्षी तुमच्यामार्फत किती मुलं गेली आणि त्यातल्या किती जणांना आज भारतात नोंदणी आहे?