संकटकालीन मानसिक आधारासाठी दूरध्वनी सेवा : ग्रामीण मराठवाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात देशातील शिक्षणसंस्थांसाठी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. त्यांतील एका सूचनेनुसार 'टेली-मानस'सह आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहे, वर्गखोल्या, सामायिक जागा आणि संकेतस्थळावर ठळक अक्षरांत लावणे बंधनकारक ठरले. पंधरा सूचनांपैकी बहुधा हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर पूर्ण होणारी. फलक रंगवला, त्याचे छायाचित्र काढून मूल्यांकनाच्या फाइलमध्ये लावले, की पूर्तता झाली! फलक लागावा याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूरसारख्या गावात १४४१६ हा क्रमांक वाचणारा विद्यार्थी तो लावील काय, लावल्यास काय बोलेल आणि बोलल्यानंतर कोठे जाईल, या प्रश्नांची उत्तरे फलकावर मिळत नाहीत. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांच्या अंगाने या सेवेची चिकित्सा केली आहे.

सेवेची जडणघडण :

जीव नकोसा झालेल्या व्यक्तीने अनोळखी माणसाला दूरध्वनी करावा, या कल्पनेचे प्रसिद्ध उगमस्थान लंडन होय. १९५३ साली चॅड वारा या धर्मोपदेशकांनी सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमधून ही सेवा सुरू केली. पुढे ती 'समॅरिटन्स' या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या प्रारंभकाळातील एक गोष्ट उद्बोधक आहे. वारा यांच्या भेटीसाठी थांबलेल्या लोकांना स्वयंसेवक चहा देत आणि त्यांच्याशी बोलत बसत. त्या बोलण्यानेच अनेकांचे मन इतके हलके होई, की वारा यांना भेटण्याची गरज त्यांना उरत नसे. तज्ज्ञ नसलेल्या माणसाचे मनःपूर्वक ऐकणे हेही साहाय्य ठरते, हा या सेवेचा पाया तेथे घातला गेला. भारतात चेन्नईच्या 'स्नेहा' या संस्थेने १९८६ पासून हे काम केले. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा २०१२ मध्ये सुरू झाली.

'टेली-मानस' मात्र शासकीय सेवा आहे. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था असून सेवा निःशुल्क, अहोरात्र आणि वीस भाषांत उपलब्ध आहे. तिची रचना दोन स्तरांची आहे. पहिल्या स्तरावर राज्यातील केंद्रांचे प्रशिक्षित समुपदेशक व तज्ज्ञ बोलतात. दुसऱ्या स्तरावर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालये किंवा 'ई-संजीवनी' यांच्याशी रुग्ण जोडला जावा अशी अपेक्षा आहे. २०२५ पर्यंत या सेवेने वीस लाखांहून अधिक कॉल हाताळले. आकडा मोठा आहे. तो किती जणांनी दूरध्वनी केला हे सांगतो. किती जण डॉक्टरपर्यंत पोहोचले, हे त्यातून कळत नाही.

अशा सेवांचा परिणाम होतो काय, याचेही उत्तर सरळ नाही. मॅडलिन गुल्ड व सहकाऱ्यांनी अमेरिकेत आत्महत्येचे विचार असलेल्या १,०८५ कॉलकर्त्यांचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. संभाषण चालू असतानाच मरणाचा निर्धार आणि वेदना कमी होत असल्याचे त्यात आढळले. मात्र ज्यांच्याशी पुढील आठवड्यांत पुन्हा संपर्क साधला गेला, त्यांतील लक्षणीय लोकांना तसे विचार परत आले होते. म्हणजे कॉल ती घटका निभावून नेतो. निकडीच्या प्रसंगी ती घटका निभावणे हीच मोठी गोष्ट असते, हे विसरता येणार नाही. तिच्यापुढचे दिवस मात्र कॉलच्या हाती नसतात.

इस्लापूर परिसर आणि सेवेची गृहीतके :

इस्लापूर हे पैनगंगेच्या खोऱ्यातील, सहस्रकुंड धबधब्याजवळचे, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील गाव. किनवट तालुक्यात गोंड, कोलाम, प्रधान, आंध व बंजारा समाजांची मोठी वस्ती आहे. त्यांतील कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात होय. घरात कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी, बाजारात मराठी आणि तेलुगू, वर्गात प्रमाण मराठी, असा येथील अनेक विद्यार्थ्यांचा दिवस असतो. त्यांच्यासाठी दूरध्वनीवर मराठीचा पर्याय आहे, एवढ्यावर भाषेचा प्रश्न सुटला असे धरले जाते.

तो सुटत नाही. 'नैराश्य', 'चिंताविकृती', 'आत्मघाती विचार' ही मराठी परिभाषा पाठ्यपुस्तकांनी आणि शासकीय पत्रकांनी घडवली. मराठवाड्यातला मराठी मातृभाषेचा माणूसदेखील ती बोलत नाही. तो म्हणतो, जीव घाबरा होतो, कशात मन लागत नाही, डोके जड पडते. तरुण मुले 'टेन्शन आलंय' म्हणून थांबतात. शेतकऱ्याचा 'आता काही खरं नाही' हा उद्गार नापिकीचा आहे की जिवाचा, हे त्याच्या बांधावर उभ्या असलेल्या शेजाऱ्याला कळते. दुसऱ्या जिल्ह्यात बसलेल्या समुपदेशकाला ते केवळ आवाजावरून ओळखावे लागते. समुपदेशकाच्या कौशल्यावर हा आक्षेप नाही. चेहरा, घर आणि ओळख वगळली की सारा भार शब्दांवर पडतो, आणि येथे नेमके शब्दच उसने असतात.

दुसरे गृहीतक एकांताचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरत असलेला मोबाइल आढळला. ज्या घरात फोन वडिलांच्या वा भावाच्या खिशात असतो आणि घर एका खोलीचे असते, तेथे मुलीने गोपनीय कॉल करावा कोठून? त्यात पोलिसांची भीती असतेच. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेचे कलम ३०९ उरलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतेच कलम २२६ आहे. कायदा बदलला, तरी 'केस होईल' ही धास्ती गावातून गेलेली नाही. हेल्पलाइनच्या फलकावर ही एक ओळ क्वचितच लिहिली जाते.

आणि पुढचा टप्पा? राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात एकही नाही. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीला आहे. इस्लापूरहून तेथे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून जायचे. प्रत्यक्ष जिवाला धोका असेल तर १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२ हेच क्रमांक कामाचे. हेल्पलाइन ही रुग्णवाहिका नव्हे, हा साधा भेदही फलकावर नसतो.

वाट पाहणे आणि दारी जाणे :

महाराष्ट्रात याच्या उलट दिशेचा प्रयोग झालेला आहे. शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' हाती घेतला. त्यात १०४ हा दूरध्वनी होताच. परंतु आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन तणावग्रस्त शेतकरी ओळखावा, ही त्यातील महत्त्वाची कल्पना होती. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबवलेल्या 'विश्राम' कार्यक्रमाचे निष्कर्ष राहुल शिधये व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'त मांडले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावातलीच प्रशिक्षित माणसे दारी गेली, हे त्यामागचे मुख्य कारण. हेल्पलाइन वाट पाहते. आशा उंबरठ्यावर येते. दोन्हींची गरज आहे, पण खर्चाच्या आणि प्रसिद्धीच्या दृष्टीने सोयीची असलेली पहिली गोष्ट दुसरीच्या जागी बसवली जाण्याचा धोका आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या गेल्या. त्यांतील २२,७४६ महाराष्ट्रातील, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. आणि देशभरातील १३,०४४ विद्यार्थी. शिकवणी वर्गांसाठी नावाजलेल्या लातूरला वसतिगृहात राहणाऱ्या मुलाकडे निदान स्वतःचा फोन तरी असतो. इस्लापूरच्या मुलाकडे त्याला ओळखणारा शिक्षक असतो. विद्यार्थ्याला फलक दाखवून परत पाठवण्याऐवजी एखाद्या प्राध्यापकाने कक्षाचे दार लोटून, आपल्या फोनवरून, त्याच्या संमतीने १४४१६ लावला आणि 'याला शब्द सापडत नाहीत, मी सोबत आहे' एवढे सांगितले, तर वरीलपैकी एकांताची आणि भाषेची अडचण बरीच कमी होते. आठवड्याने त्याच विद्यार्थ्याला पुन्हा विचारणे हे काम तर कोणत्याही केंद्रापेक्षा महाविद्यालयालाच अधिक सहज जमणारे आहे.

न्यायालयाच्या सूचनांत आणखी एक तरतूद आहे. तिची चर्चा फारशी होत नाही. वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे ते अध्यापकांबरोबर अध्यापकेतर कर्मचाऱ्यांनाही. किनवट तालुक्यातील वसतिगृहात मुलाच्या घरची भाषा बोलणारे माणूस बहुधा प्राध्यापक कक्षात नसते. ते स्वयंपाकघरात असते, किंवा रात्री फाटकाशी बसलेले असते.