येर्मा आणि तिची मैत्रीण

आज लोर्काचं ‘येर्मा’ घेऊ. १९३४ साली माद्रिदमध्ये रंगभूमीवर आलेलं हे नाटक मूल न होण्याची शोकांतिका म्हणून शिकवलं जातं. आम्हीही वर्षानुवर्षं तसंच शिकवलं. (येर्मा म्हणजे ओसाड जमीन, नावानेच वाट दाखवली ना!) आता ते अपुरं वाटतं. मूल नाही हे तिचं दुःख खरंच, पण तिला संपवतं ते एकटेपण.

दुसऱ्या अंकातल्या धुणं धुणाऱ्या बायका बघा. सगळ्या तिच्याविषयी बोलतात, तिच्याशी कुणीच नाही. नवरा हुआन काय करतो, तर आपल्या दोन बहिणी राखणीला घरात आणून बसवतो. घरात माणसं वाढली, बोलणं आटलं.

आम्हाला सगळ्यात बोचते ती मारिया. ती दुष्ट नाही, मैत्रीण आहे. तान्हं घेऊन येर्माच्या दारावरून झपाझप निघून जाते, कारण बाळ दिसलं की येर्मा रडते. यात माया आहेच. पण येणंजाणं असलेलं एकुलतं दार त्या मायेनेच बंद होतं. बारशाला बोलावलं तर तिला वाईट वाटेल, असं ठरवून आपणही कुणाला तरी वगळलेलं असतं. तिला विचारलेलं नसतं.

हुआनला मात्र लोर्का आतून उघडत नाही, ही उणीव आम्हाला जाणवते. पहिल्या अंकात तो खर्चाच्या गोष्टीआड सुचवतो. मूल नकोच, हे सरळ म्हणतो ते शेवटी. तेवढं बोलायला त्याला संसाराची पाचावर वर्षं लागतात, आणि तेव्हा येर्माचे हात त्याच्या गळ्याशी जातात.