हे लिहायचं कुणासाठी?

पत्रिकेत आजचा विषय 'विद्यार्थ्यांना संशोधन आणि प्रभावी लेखन कसे शिकवावे' असा छापलाय. भारदस्त आहे. मी मात्र तो एका मुलीच्या प्रश्नापासून सुरू करणार आहे.

माझी निवृत्ती जवळ आली होती. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला निबंध दिला, 'जातिव्यवस्था आणि समता'. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, हे लिहायचं कुणासाठी?" मी म्हणालो, "कुणासाठी म्हणजे? माझ्यासाठी. मीच तपासणार ना!" वर्ग हसला, तीही हसून खाली बसली. तिनं आणलेला निबंध प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार अशा साच्यातला होता. जातिव्यवस्थेचे फायदे! आणि मी त्याला वीसपैकी चौदा गुण दिले.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. मला तरी हा प्रश्न कळायला हवा होता. आपल्याकडे शास्त्रग्रंथ सुरू करताना चार गोष्टी सांगायची रीत आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. त्यातला अधिकारी म्हणजे हा ग्रंथ ज्याच्यासाठी आहे तो. म्हणजे मुलीचा प्रश्न शास्त्रशुद्ध होता, उत्तर देणारा कच्चा होता. अर्थात, या 'अधिकारी' शब्दानं आपल्या इतिहासात एक दारही बंद केलं. स्त्रिया आणि शूद्र वेदाचे अधिकारी नाहीत, असं म्हणताना हाच शब्द वापरला गेला. हे विसरून परंपरेचं कौतुक करू नये.

आता एका लेखकाकडे जाऊ. त्याला अधिकार नाही, असं मानणाऱ्यांनाच त्याला पटवायचं होतं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं १९३६च्या आपल्या अधिवेशनाचं अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांना देऊ केलं. मंडळात सुधारक होते, बहुतेक सवर्ण, आर्य समाजाच्या प्रभावातले. छापील भाषण त्यांच्या हाती गेलं तेव्हा त्यांनी काही भाग गाळायला सांगितला. आंबेडकरांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. अधिवेशन रद्द झालं. मग त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं पुस्तकरूपात काढलं, पंधराशे प्रती. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. हे मे महिन्यात. आणि त्याच महिन्यात, ३१ तारखेला, मुंबईत महार परिषदेपुढे त्यांनी मराठीत भाषण केलं: 'मुक्ती कोन पथे?'

हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचा. माझ्या मते, पटवून देणारं लेखन शिकवायला याहून चांगलं पाठ्यपुस्तक नाही.

लाहोरच्या भाषणाची सुरुवात बघा. मुंबईहून हा माणूस कशाला आणला, असं मंडळाला लोक विचारतील, हे ते पहिल्यांदा बोलून टाकतात. अंत्यज पंडित असला म्हणून त्याला गुरू करावं का, हा दासबोधातला प्रश्नसुद्धा तेच काढतात. श्रोत्याच्या मनातला पहिला आक्षेप श्रोत्याच्या आधी मांडतात. मग एकेका गटाला घेतात. आधी राजकीय सुधारणा म्हणणारे, मग समाजवादी, मग जात म्हणजे श्रमविभागणी म्हणणारे, मग चातुर्वर्ण्याचे समर्थक. खोलीत कोण बसणार आहे, हे त्यांना माहीत होतं.

आणि पुरावा? इंदूर भागात बलाईंवर लादलेल्या अटी सांगताना ते 'टाइम्स ऑफ इंडिया'चा ४ जानेवारी १९२८चा अंक दाखवतात. जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्याला अस्पृश्यांनी जेवणात तूप वाढलं म्हणून मार खाल्ला, ते गावाच्या नावासकट सांगतात. कारण समोरचा म्हणणार, "असं कुठं होतं हो आता?"

महार परिषदेत मात्र ही कात्रणं पुढे करायची गरज नव्हती. पोराला सरकारी शाळेत घातलं म्हणून, विहिरीला हात लावला म्हणून काय होतं, याची नुसती आठवण करून दिली की पुरे. ज्यांनी मार खाल्लाय त्यांना माराचा पुरावा कसला द्यायचा? तिथं प्रश्न वेगळा: आता करायचं काय? म्हणून तिथं मनुष्यबळ, द्रव्यबळ, मनोबळ यांचा हिशेब आहे. धर्मांतर हा पोरखेळ नाही, नावाडी प्रवासाआधी करतो तशी तयारी लागते, असा दृष्टांत आहे. श्रोता बदलला तसा पुरावा, क्रम आणि दृष्टांत बदलले.

इथं आमचे काही प्राध्यापकमित्र म्हणतात, पण लाहोरला ते हरलेच की! भाषण कुणी ऐकलंच नाही. चार परिच्छेद गाळले असते तर? मला हे पटत नाही. आंतरजातीय विवाह हा मंडळाचा उपाय त्यांना मान्य होता. ते पुढे एकच पाऊल टाकतात: शास्त्रांचं पावित्र्य मानलं जातंय तोवर असे विवाह होणार नाहीत. ते पाऊल गाळलं असतं तर मंडळाला त्याचंच म्हणणं परत ऐकवलं गेलं असतं. त्याला पटवणं म्हणत नाहीत.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या पुस्तकावर लिहिलं. (आठ आणे किंमत जास्त आहे, दोन किंवा फार तर चार आणे ठेवा, असाही सल्ला दिला!) पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधीजींचा लेख आणि मग आपलं उत्तर, दोन्ही छापलं. पूर्वपक्ष पूर्वपक्षाच्याच शब्दांत. न्यायशास्त्रात वाद आणि जल्प वेगळे मानलेत: वाद सत्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी. आमच्या वक्तृत्व स्पर्धा बहुतेक जल्पाच्याच असतात.

पण भक्तिभावानं वाचू नका. त्याच भाषणात हिंदूंची शारीरिक अवनती सांगताना ते म्हणतात की दहातले नऊ लोक सैन्यासाठी अपात्र ठरलेत. कुणी ठरवले, कधी? तिथं वर्तमानपत्राची तारीख नाही. बलाईंच्या बाबतीत इतका चोख असलेला माणूस इथं सैल पडतो. मी ही जागा मुलांना मुद्दाम दाखवतो. थोराच्या लेखनातला उणा पुरावा शोधता आला की आपल्या लेखनातलाही दिसायला लागतो. प्लेटो, बर्क, ड्यूई यांचे दाखलेही तसेच बघावेत. इंग्रजी शिकलेल्या लाहोरकरांपुढे ते खणखणीत वाजणारं नाणं होतं. आमची मुलं तेच नाणं कुठल्याही दुकानात चालवायला बघतात.

निवृत्तीनंतर घरी चार-पाच मुलं येतात. त्यातला एक सध्या ग्रामसभेपुढे वाचायला निवेदन लिहितोय. त्याच्या वस्तीच्या स्मशानाला रस्ता नाही, पावसाळ्यात ओढ्यातून न्यावं लागतं. पहिल्या मसुद्यात दोन पानं संविधान होतं. मी विचारलं, "ग्रामसभेत कोण बसतं? ते पहिल्यांदा काय म्हणतील?" तो लगेच म्हणाला, "रस्त्याला जागा कुठंय, शेत खासगी आहे, असं म्हणतील." म्हटलं, मग शोधायचं काय ते तूच सांगितलंस.

तो तलाठ्याकडे जाऊन आला. सातबारा मिळालाय. गावनकाशात तिथून पाणंद दाखवलीय का, ते बघायला परत सोमवारी बोलावलंय. निवेदनाचा दुसरा परिच्छेद त्यानं तोवर कोरा ठेवलाय.